पिवळ्या बसवाल्या मावशी

टोरांटोच्या विमानतळावर मला घ्यायला कोणी आलं नव्हतं. निदान मला तरी तसंच वाटलं. दोन बॅगा, एकीत पुस्तकं आणि कपडे, दुसरीत तिखट, लोणचं, मुंगवड्या आणि ज्वारीचं पीठ. आईने ते पीठ इतकं ठासून भरलं होतं की बॅग उचलताना खांदा उतरायचा. घरमालकीण मावशींनी फोनवर बजावून ठेवलं होतं, "टॅक्सी करू नको. बस पकडजो, मंग मेट्रो, मंग पुन्यांदा बस. सगळीकडे पाट्या लावल्या हायेत. इंग्रजी वाचता येते न तुले? मंग झालं तं."

झालं कसलं! मेट्रोत मी उलट्या दिशेला बसले. पाटी वाचली, घाबरून उतरले, जिना चढले, जिना उतरले, त्यात पिठाच्या बॅगेचं एक चाक निखळलं. ऑगस्ट महिना, अंगात आईने सक्तीने घातलेला स्वेटर. घामाने आणि रागाने लाल होऊन शेवटच्या बसमधून उतरले, तर माझ्या मागोमाग एक बाई उतरल्या. सलवार-कमीज, वर पुरुषांचं जाकीट, पायांत बूट. मला वाटलं, असेल कोणी पंजाबी.

"एकदाच चुकली," त्या बाई म्हणाल्या. "चांगली हायेस. चाल."

याच त्या घरमालकीण मावशी, आणि विमानतळापासून त्या माझ्या मागच्या सीटवर होत्या! मी उलट्या गाडीत बसले तेव्हा त्याही मुकाट उलट्या गाडीत बसल्या. मी जिन्यावर बॅग ओढत रडकुंडीला आले, तेव्हा खांबाआड उभ्या राहून पाहत होत्या.

"मंग बोलल्या काहून नाई?" मी भर रस्त्यात ओरडले. "मी परक्या देशात आलो, माया बॅगेचं चाक तुटलं, अन् तुमी मजा पाहून राह्यल्या?"

आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. मी ठरवून आले होते की तिकडे गेल्यावर शुद्ध बोलायचं. पहिल्या तासातच ते बोंबललं.

"बोललो असतो तं तू माया भरवशावर चालली असती," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आता पाह्य, पुन्यांदा कधी चुकते काय ते." आणि पिठाची बॅग उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या. टोरांटोच्या फुटपाथवर, डोक्यावर बॅग. एक गोरे आजोबा कुत्रा थांबवून बघत राहिले. मी मागून धुसफुसत चालले होते. पण नंतरच्या काळात त्या शहरात मी खरंच कधी हरवले नाही, आणि त्याचं श्रेय त्यांनाच.

त्यांचा नंबर मला अकोल्यात मिळाला होता. तिथे मी कृषी विद्यापीठात शिकत होते आणि पुढच्या शिक्षणासाठी कॅनडाला जायचं ठरलं होतं. एका सीनियर ताईने सांगितलं, "अकोल्याच्या एक मावशी आहेत, वऱ्हाडातल्या मुलींना खोली देतात. जरा विचित्र आहेत." मी फोन केला. वाटलं, विचारतील मांसाहार करतेस का, रात्री किती वाजता येतेस, भाडं कधी देशील. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुले राग येते काय?"

मी गडबडले. "येतो... म्हणजे येते मावशी. कधी कधी."

"कोनावर काढतं?"

"आईवर."

"मंग ये. ज्या पोट्टीले राग येत नाई ते मी ठेवत नाई. मागच्या साली एक होती, लय गोड. सगळ्याले हो म्हने. खोलीत बसून बसून वाळून गेली बिचारी."

मावशी शाळेची बस चालवायच्या. मोठी, पिवळी. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, मधे रिकामा वेळ, दुपारी परत न्यायचं. बसमध्ये सगळ्या जगातली पोरं. सोमालियाची, चीनची, पंजाबची, तिथलीच गोरी. आणि ती सगळी पोरं चढताना एकमेकांना म्हणायची, "सरक! सरक!" कारण मावशींनी त्यांना एवढंच शिकवलं होतं. एका आईने शाळेत तक्रारवजा विचारणा केली म्हणे, माझी मुलगी घरी आजोबांना 'सरक' म्हणते, याचा अर्थ काय? मावशींनी उत्तर दिलं, "मेक रूम विथ लव्ह." यात लव्ह कुठून आलं, देव जाणे.

हिवाळ्यात त्या दोन स्वेटर, त्यावर जाकीट आणि त्यावर माकडटोपी घालायच्या. शेजारचे आजोबा, तेच कुत्रेवाले, दर थंडीत अभिमानाने सांगायचे की बघा, आज उणे पंचवीस. मावशी लगेच म्हणायच्या, "इन अकोला, प्लस फॉर्टी सेव्हन." आजोबा कुत्र्याला ओढत घरात. हे दरवर्षी चालायचं, दोघांनाही त्यात मजा यायची. त्यांचं सगळं माप अकोल्याचं. युनिव्हर्सिटी किती लांब? "अकोल्याहून मूर्तिजापूर समज." तळं केवढं? यावर मात्र त्यांना माप सापडायचं नाही, कारण ते तळं समुद्राएवढं होतं आणि अकोल्यात नुसती एवढीशी मोर्णा नदी आहे. मग म्हणायच्या, "हाये आपलं बरंच."

खिडकीत थर्माकोलच्या खोक्यांत त्यांनी सांभार आणि आंबाडी लावली होती. कोथिंबिरीला आम्ही सांभारच म्हणतो. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईशी त्या भांडायच्या. "काल काय सांगतलं होतं तू? आं? ऊन पडन म्हने!" आधी मला हसू यायचं. नोव्हेंबर उजाडेपर्यंत मीही तिच्याशी भांडायला लागले होते.

पण त्यांच्या घरातला खरा नियम वेगळाच होता. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे अमरावतीला आमच्या घरी संध्याकाळ, मी स्वयंपाकघरात बसून घरी व्हिडिओ कॉल करायचा. मावशी तिथेच काहीतरी चिरत असायच्या. आणि फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणायची बंदी होती. निदान एक तक्रार सांगायचीच.

"मावशी, आई काळजी करन न."

"करू दे. मायले दुसरं काम काय हाये? सांग."

मी पहिल्यांदा सांगितलं ते फार भीतभीत. म्हटलं आई, वर्गात कोणी माझ्याशी बोलत नाही, जेवणाच्या सुट्टीत मी एकटी बसते.  मग आई एकदम म्हणाली, "एकटी काहून बसतं? डब्यात पातोड्या नेजो. वास सुटला का येतीन बरोबर." मी त्या बेसनाच्या वड्या नेल्या. एक इराणी मुलगी खरंच विचारायला आली, हे काय आहे म्हणून. आता ती माझी जिवाभावाची मैत्रीण आहे. आईला पुढचा आठवडाभर इतका आनंद की शेजारणीला सांगत सुटली, माझ्या पातोडीनं पोरीचं बस्तान बसवलं.

मी मावशींना विचारलं, हा नियम का? त्या कांदा चिरत होत्या.

"मी मायले सांगतलं होतं का मी बँकेत हाओ," त्या म्हणाल्या. "बस चालवतो म्हटलं तं गल्लीतले लोकं हासतीन, मायले वाईट वाटन. जवई मेल्यावर पोरीवर काय पाळी आली, म्हनतीन. म्हनून बँक. माय अख्ख्या गल्लीत सांगे, माई पोरगी कॅनडात बँकेत हाये. मेली माय. मी गेलो अकोल्याले. तवा भाऊ म्हने, मायले यष्टीत डायव्हरच्या मागची सीट लय आवडे. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याच्या संग गोठी करत जाये. म्हने, पुढच्या जन्मी मी यष्टी चालवीन."

त्यांनी कांदा बाजूला सारला.

"तिले केवढी मजा आली असती, सांग बरं. एक फोटो तरी धाडला असता मी. बसमंदी बसून."

 मी म्हटलं, चहा करते. त्या म्हणाल्या, "कर. अद्रक जास्त टाकजो."

आता बाबांविषयी सांगायला हवं. अमरावतीच्या कडेला आमचं फुलांचं वावर आहे. शेवंती, झेंडू, निशिगंध. पहाटे फुलबाजारात हर्रास होतो, म्हणजे बोली लागते, आणि ती बोली बाबा पुकारायचे. फक्त आमच्या फुलांची नाही, सगळ्यांच्या. त्यांच्या आवाजाला गावात मान होता. "शेवंती घ्या शेवंती, बोला, बोला!" म्हटलं की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचा चहावाला मान वर करायचा. आणि घरी तर विचारू नका. मी लहानपणी त्यांना हळू बोलताना कधी ऐकलंच नाही.

डिसेंबरातला एक रविवार. माझी पहिली परीक्षा तोंडावर. फोनवर आईच बोलत होती. बाबा शेजारी बसलेले, पंच्यासारखा दुपट्टा गळ्याभोवती आणि थोडा तोंडावर. आई म्हणाली, त्यांचा घसा बसला. मागच्या रविवारीही बसला होता, त्याच्या मागच्यालाही. थंडी आहे, होतं. मी म्हटलं, गरम पाणी प्या बाबा. त्यांनी मान डोलावली.

मावशी हात पुसत माझ्या खांद्यामागून पुढे आल्या आणि पडद्याकडे वाकल्या.

"घसा बसला तं ओठ काहून वाकडा झाला हो भाऊ?"

मला असा संताप आला! असं कोणी विचारतं का? मी वळून काहीतरी बोलणार, तेवढ्यात फोनमधून आईचा रडण्याचा आवाज आला. बाबांनी दुपट्टा पूर्ण तोंडावर ओढला.

लकवा. महिना होत आला होता. हातपाय लवकर सुधारले, जीभ मात्र जड झाली. "तुई परीक्षा होती न माय," आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तू तिथं एकटी. तुले सांगून काय फायदा?" सगळ्या नातेवाइकांना तंबी दिलेली, पोरीला कोणी सांगायचं नाही. मामानेही सांगितलं नाही. माझी अमरावतीची मैत्रीणही आमच्या घरी जाऊन आली होती, तिनेही नाही. आमच्याकडे प्रेम करायची हीच रीत आहे, काय करणार! पण त्या क्षणी मला सगळ्यांचा तिटकारा आला. मी म्हटलं, मी येते. उद्याचं तिकीट काढते. परीक्षा गेली खड्ड्यात.

बाबांनी दुपट्ट्याच्या आतून जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"येऊन काय करशील?" आई नाक पुसत म्हणाली. "डॉक्टर म्हनते, बोलत राहा, जितकं बोलान तितकी जीभ सुटन. अन् हे तं तोंडच उघडत नाईत. कोनी भेटाले आलं का आत जाऊन निजतात. लाज वाटते त्याहिले. बाजारात दुसरा मानूस पुकारून राह्यला आता." हे बाबांच्या समोरच. ते भिंतीकडे बघत होते. माझे बाबा, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेले. मला ते बघवेना.

मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊ, तुमी अमरावतीचे न? म्हनूनच. अकोल्याचा गडी असता तं एव्हाना उठून बोंबलला असता."

 आई रडायची थांबली. आणि बाबांनी भिंतीकडची मान वळवली. डोळे वटारले, लहानपणी मी प्रगतिपुस्तक लपवल्यावर वटारायचे तसे.

"पाहू नका असे," मावशी म्हणाल्या. "बोलाचं असन तं बोला. उद्या करतो फोन." आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी पोरांना शाळेत सोडलं की मावशी बस एका बाजूला लावायच्या, थर्मासमधला चहा ओतायच्या आणि अमरावतीला फोन लावायच्या. तिकडे दिवेलागण झालेली असायची. आईला आधी ते मुळीच पटलं नाही. मला म्हणाली, "काय बाई हाये तुई घरमालकीन! आजारी मानसाले कोनी असं टोचून बोलते काय?" मी काय सांगू? मला तरी कुठे कळत होतं. मी तिकिटाचं पान रोज उघडायची आणि बंद करायची.

"तुमच्या अमरावतीले हाये काय?" मावशी विचारायच्या. "मुंबई-हावड्याची मोठी लाईन तुमाले टाळून बडनेऱ्याहूनच पुढं जाते. आमचं अकोला पाहा, जंक्शन हाये जंक्शन." बाबा फोनकडे बघत राहायचे. "कापूस म्हटलं का अकोला. तुमचं काय? दह्यातला गिला वडा?" बाबांच्या कपाळाची शीर फुगायची. पण तोंड बंद. चार-पाच दिवस असंच. त्या एकट्याच बोलायच्या, चहा संपवायच्या, "बरं, पोट्टे सुटाची येळ झाली" म्हणून ठेवायच्या, आणि पोरं सुटायला तर अजून पाच-सहा तास असायचे.

मग एक दिवस आईचा मला फोन आला. मी लायब्ररीत होते, बाहेर बर्फात पळत आले. आई रडत होती की हसत होती, कळेना.

"बोलले! तुये बाबा बोलले!"

"काय बोलले?"

"विमान!"

झालं होतं असं. मावशी त्या दिवशी पुन्हा रेल्वेवर घसरल्या होत्या. बाबा थरथरत उठले, फोन आईच्या हातातून हिसकला आणि म्हणाले, "वि... वि... विमान!" मावशी म्हणाल्या, "काय विमान?" बाबा घामाघूम. "विमान... उत... उतरते. अम... रावतीत. तुम... च्या?" म्हणजे आमच्या अमरावतीत विमान उतरतं, तुमच्या अकोल्यात उतरतं का? महिनाभरानंतर त्या माणसाच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. मी बर्फात उभी राहून हमसून हमसून रडले. हातमोजेही घातले नव्हते.

"मंग मावशी काय म्हनल्या?"

"म्हने, विमान उतरून करान काय, बसाले मानसं हायेत काय तुमच्याकडं? मंग काय, पेटलेच न हे."

मी तिकिटाचं पान त्या दिवशी बंद केलं ते केलंच. परीक्षा दिली. दर रविवारी आई आता मला खरं सांगायची, आज जेवताना सांडलं, आज चिडून ताट सारलं, आज 'शेवंती' नीट म्हटलं. मीही खरं सांगायची. परीक्षेचा एक पेपर वाईट गेला, तेही सांगितलं. बाबा हळूहळू म्हणाले, "पु... ढच्या वेळी." मला तेवढं पुरलं.

आणि बाबा आता दिवसभर तयारी करायचे! ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे आणि विचारायचे, अकोल्यात काय काय वाईट आहे, सांग. जो माणूस पाहुण्यांना बघून आत पळत होता, तो आता लोकांना हाका मारून बसवत होता. अकोल्याहून कोणी आलं की मग तर सोडायचेच नाहीत. उन्हाळा, धूळ, ऑटोवाले, सगळं गोळा करून संध्याकाळी मावशींवर सोडायचे. मावशींनी एकदाही हार मानली नाही. मी एकदा माझ्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या बसमध्ये बसून ऐकत होते. बाबांनी संत्र्यावरून त्यांना पार कोंडीत पकडलं. त्यांनी रिकाम्या बसकडे वळून "सरक! सरक!" असं ओरडून फोन ठेवला.

"मावशी, तुमी मुद्दाम भांडता न? बाबांची जीभ सुटावी म्हनून?"

"मुद्दाम कायले?" त्या खऱ्याच दुखावल्या. "अकोलं चांगलं हायेच. यात खोटं काय?"

उन्हाळ्यात बाबा बाजारात परत गेले. आवाज पहिल्यासारखा नाही झाला. शब्द जड, मधेच अडकायचे. आई फोन धरून उभी राहिली आणि आम्ही दोघी टोरांटोच्या स्वयंपाकघरात ऐकत होतो. "शेवंती... घ्या. बो... ला." ते अडले की अख्खा बाजार थांबत होता. कोणी घाई केली नाही. मावशी सिंककडे तोंड करून घासलेलीच भांडी परत घासत होत्या.

माझं शिक्षण संपलं, नोकरी लागली, मी दुसऱ्या शहरात राहायला गेले. पण मी त्या देशात टिकले ती त्या बाईंमुळे, आणि माझे बाबा मला परत मिळाले तेही त्यांच्यामुळेच. हे त्यांना तोंडावर सांगायची सोय नाही. एकदा सांगायला गेले तर म्हणाल्या, "लय बोलतं तू. आंबाडीले पानी टाक."

मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीवर घरी आले होते, तेव्हा मावशीही अकोल्याला आल्या. त्यांच्या आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच. बाबा म्हणाले, मी घ्यायला जाणार. आईने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं, ऐकतील तर शपथ. स्वतःच्या वावरातल्या शेवंतीचा हार घेऊन ते अकोला स्टेशनवर माझ्याबरोबर उभे राहिले. गाडी आली. मावशी नऊवारीत उतरल्या, मी क्षणभर ओळखलंच नाही. जाकीट नाही, टोपी नाही. एवढ्याशा दिसत होत्या.

बाबांनी हार घातला आणि नुसतेच उभे राहिले. इतकी वर्षं रोज फोनवर भांडणारी ही दोन माणसं पहिल्यांदाच समोरासमोर आली होती.

"काय भाऊ," मावशी म्हणाल्या. "फोनवर तं लय बोलता. आता सांगा माया तोंडावर, गाव कोनाचं चांगलं?"

बाबांचे ओठ हलले. शब्द अडकला. मी मदतीला पुढे झाले, तर मावशींनी माझं मनगट घट्ट दाबलं. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. हमाल जात होते, लोक धक्के देत होते.

"अकोलं," बाबा म्हणाले. "अकोलं... चांगलं हाये, बाई. तुमचं... अकोलंच चांगलं."

मावशींचा चेहरा एकदम पडला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले तसा त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि बाबांवर ओरडल्या, "असं कसं म्हनता हो भाऊ? हारले काय तुमी? मंग उद्यापासून मी फोन कोनाले करू?"

बाबांनी दुपट्ट्याने डोळे पुसले.

"करा न," ते म्हणाले. "आज... तुमच्या गावात हाओ. उद्या मी अमरावतीत असन."